डाव्या कुशीवर

गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी असते. आठवडाभर धडधडणारे प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर त्या दिवशी गप्प होतात. शटरं ओढलेली, टपरीवर तुरळक माणसं, आणि ऑइलनं काळ्या पडलेल्या रस्त्यावर कुत्री पाय ताणून झोपलेली. एरवी आवाजानं वैतागलेल्या माणसाला ही शांतता सुखाची वाटायला हवी. पण तशी ती वाटत नाही. कान उगाचच काहीतरी शोधत राहतात.

भोसरीहून दिघीकडे जाताना एका ट्रस्टचं हॉस्पिटल लागतं. नाव मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. तिथल्या मेडिसिन विभागात मात्र गुरुवारची वाट पाहिली जायची. हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागूनच पत्रा ठोकणारं एक प्रेसशॉप होतं, आणि विभागाचे प्रमुख दादासाहेब सर हृदयाचे पेशंट शिकवायला नेहमी गुरुवारच निवडत. ‘‘इतर दिवशी ऐकलेलं हृदय निम्मं त्या कारखान्याचं असतं,’’ असं ते म्हणायचे.

तर मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी डॉक्टर उत्कर्षा फोन करायला बसली. काम अगदी किरकोळ होतं. शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरांची खरी परीक्षा होण्याआधी सर एक सराव परीक्षा घेत, आणि त्यासाठी जुने पेशंट घरून बोलावले जात. कुणाचं हृदय, कुणाची वाढलेली प्लीहा, कुणाची लुळी पडलेली बाजू. डॉक्टरानं चिठ्ठी उचलायची, ज्या खाटेची निघेल तो पेशंट तपासायचा, आणि सर आले की रोग सांगायचा. हे पेशंट वर्षानुवर्षं येऊन चांगले मुरलेले. रिक्षाचं भाडं, दुपारचं जेवण आणि वर थोडा मान मिळतो म्हणून खुशीनं येत. स्वतःच्या रोगाचं इंग्रजी नाव त्यांना परीक्षा देणाऱ्यांपेक्षा पक्कं पाठ असे. एखादा डॉक्टर मनात भरला, की तपासता तपासता त्याच्या कानात ते हळूच सांगूनही टाकत. नाही भरला, तर तोंड मिटून घेत.

या सगळ्यांत मोठा मान होता दिघीच्या रुक्मिणीबाईंचा. तरुणपणीच त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. त्यांना डाव्या कुशीवर वळवायचं, पंखे बंद करायचे, श्वास सोडून धरायला सांगायचा आणि स्टेथोस्कोप बरोबर जागी टेकवायचा. मग ठोक्याठोक्यांच्या मधे एक घरघर ऐकू यायची, शेजारच्या घरात कुणी जातं फिरवावं तशी. त्या घरघरीवर किती डॉक्टर पास होऊन गेले याची मोजदाद नव्हती. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी हसायची. ‘‘ह्ये गेलं तर मला कोन बोलवील?’’

आणि या रुक्मिणीबाईंचा जीव होता नबीलावर.

उत्कर्षाच्या पोटात दुखायचं ते इथेच. खरं तर नबीलाच्या प्रत्येकच गोष्टीनं तिच्या पोटात दुखायचं. कासारवाडीत गॅरेज असलेल्या युनूसभाईंची ही मुलगी. दोघी एकाच दिवशी या विभागात आल्या, एकाच खोलीत राहिल्या, एकाच डब्यातलं जेवल्या. डेंग्यूच्या साथीत खाटा कमी पडल्या तेव्हा दोघींनी व्हरांड्यात गाद्या टाकून पेशंट सांभाळले. चाकणच्या कंपन्यांतली पोरं ताप अंगावर काढून ओव्हरटाइम करत आणि मग एकदम कोसळून इथे येत, त्यांच्यासाठी दोघी सारख्याच धावल्या. एवढं सगळं एकत्र करून नबीला साधी राहिली होती आणि उत्कर्षा आतून तिच्याशी रोज भांडत होती. नबीलाला याचा पत्ताही नव्हता, आणि त्याचाही उत्कर्षाला राग यायचा.

उत्कर्षा भोसरी गावठाणातली. घरची शेती होती तिथे आता शेड होत्या आणि शेडचं भाडं येत होतं. वडील मारुतराव गावभर सांगत फिरायचे, ‘‘पोरगी डाक्टर झाली की रस्त्याकडंच्या तुकड्यावर दवाखाना बांधतो.’’ त्यामुळे हॉस्पिटलात सगळे तिला चिडवायचे, की हिला काय, बापाचं हॉस्पिटल तयार आहे. तिला ते नको होतं. दवाखाना बांधून मिळतो, कान कुणी बांधून देत नाही. तिला सरांच्या युनिटमधली जागा हवी होती. ती एकच होती, आणि गुरुवारच्या परीक्षेत जी चांगली ठरेल तिला सर ती देणार होते. ती मिळाली असती तर ‘मारुतरावांची पोरगी’ ऐवजी ‘दादासाहेब सरांची डॉक्टर’ अशी तिची ओळख झाली असती. एवढंच तिला आयुष्यात हवं होतं म्हणा ना.

पण सरांचा कल कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसत होतं. पावसाळ्यात चाकणचा एक वेल्डर तापानं भरती झाला होता. सकाळी उत्कर्षानं त्याला तपासलं, हृदय ठीक आहे म्हणून सांगितलं. दुपारी नबीला त्याच्यापाशी बसली. स्टेथोस्कोप आधी तळहातावर चोळून ऊबदार केला, मग त्याच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. ताप झडपेत शिरला होता. वेळेवर कळलं, पोरगा वाचला. राउंडला सगळ्यांसमोर सर म्हणाले, ‘‘कान असावा तर असा.’’ तेव्हा त्यांनी उत्कर्षाकडे बघितलंही नाही. बघितलं असतं, रागावले असते, तर तिला एवढं लागलं नसतं.

म्हणून सोमवारी तिनं आपणहून फोन करायचं काम मागून घेतलं. एरवी ते नबीला करायची.

दिघीचा फोन खुद्द रुक्मिणीबाईंनीच उचलला. बोलायच्या आधी त्यांना धाप लागलेली ऐकू आली.

‘‘कोन? नबीला का गं?’’

‘‘नाही आजी, उत्कर्षा.’’

‘‘मंग नबीलाला दे की जरा. पाय लई सुजल्यात बघ. रातीला आडवं पडवंना, बसूनच काढते. तिला इचारायचं व्हतं, आत्ता यावं का गुरवारीच यावं…’’

असं काही ऐकल्यावर काय करायचं हे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरालाही कळतं. आहात तशा रिक्षात बसा आणि या, एवढं म्हणायचं. उत्कर्षाच्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण ही बोली तिच्या स्वतःच्या आजीची होती. आपल्याच गावाकडची, आपल्याच बोलीतली ही बाई, आणि फोनवर आवाज ऐकून हिला नबीलाच हवी. गुरुवारी चिठ्ठी नबीलाची निघाली तर ही तिला सगळं भरभरून देईल, आणि आपली निघाली तर ओठ मिटून भिंतीकडे बघत बसेल. त्यापेक्षा ही यायलाच नको.

‘‘परीक्षा पुढे ढकललीय आजी,’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही फोन करू. तोवर येऊ नका. गोळ्या घेत राहा.’’

‘‘बरं बाई,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘वाट बघते मी.’’

सरांना तिनं सांगितलं की दिघीचा फोन लागत नाही. सर हळहळले आणि म्हणाले, मग खिडकीच्या खाटेवर वॉर्डातला एखादा हृदयाचा पेशंट ठेवा. गुरुवार झाला की शुक्रवारी सकाळीच आजींना बोलावून घ्यायचं, असं उत्कर्षानं मनाशी ठरवलं. असं ठरवलं म्हणजे माणसाला बरं वाटतं.

गुरुवारी सकाळी धुरकट धुकं होतं. एमआयडीसी बंद असल्यामुळे जिन्यात नुसता फिनेलचा वास आणि स्वतःच्या चपलांचा आवाज. परीक्षा वरच्या मजल्यावरच्या जुन्या वॉर्डात होती. तिथे एकेका खाटेभोवती हिरवे पडदे ओढून ठेवले होते, म्हणजे कुठल्या खाटेवर काय आहे ते आधी कळू नये.

नबीला आली नव्हती. ती खोलीवरून पहाटेच कुठेतरी निघून गेली होती. सरांनी घड्याळ पाहिलं, फोन पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘‘एका पेशंटच्या घरी जावं लागलंय म्हणते, येऊ शकत नाही. आजच्या दिवशी? परीक्षेपेक्षा मोठं काय असतं?’’

उत्कर्षाला आनंद झाला होता आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली. तशीच खाली बघून चिठ्ठी उचलली. खिडकीची खाट निघाली.

तिनं पडदा बाजूला केला आणि ती जागीच थांबली. खाटेवर रुक्मिणीबाई होत्या. हिरवं नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर, तोंड खिडकीकडे. तपासताना वळवतात तशा आधीच डाव्या कुशीवर वळलेल्या.

तिच्या मनात भीती आली नाही. खोटं कशाला सांगू, आधी आला तो संताप. नबीलानं आपल्या पाठीमागे हिला बोलावलं तर! वरवर साधी, आणि आतून असले डाव. आता स्वतः आली नाही म्हणून काय झालं, म्हातारीला पढवून ठेवलंच असेल, की उत्कर्षाला काही सांगू नका म्हणून. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

‘‘कधी आलात?’’ तिनं दबक्या आवाजात विचारलं.

‘‘मघाशी.’’

‘‘दम लागत होता ना?’’

‘‘आता न्हाई लागत.’’

खरंच लागत नव्हता. सोमवारी जिला आडवं पडता येत नव्हतं ती उशी न घेता सपाट निजली होती. पावलांवरची सूज उतरली होती, घोट्यांची हाडंसुद्धा दिसत होती. गोळ्या लागू पडल्या, उत्कर्षाला वाटलं, आणि उगाच आपण मनाला लावून घेतलं होतं. तिला हायसं वाटलं. तिनं पंखा बंद केला. मग स्टेथोस्कोप कानाला लावला आणि त्यांच्या पाठीमागून हात पुढे नेऊन छातीवर टेकवला.

‘‘श्वास पूर्ण सोडा आजी. आता धरून ठेवा.’’

आवाज आला.

इतका स्पष्ट आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. पहिला ठोका खणखणीत, मग दुसरा, त्याच्या पाठोपाठ झडप उघडल्याची बारीक टिचकी, आणि मग ती घरघर… खालून, लांबून, जड दगड फिरत राहावा तशी. नबीलाला असं ऐकू येतं का रोज? इतकं? उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मलाही कान आहे. मलाही आहे, फक्त आजवर मला कुणी ऐकवलं नव्हतं.

जागा थोडी बदलून पाहावी म्हणून तिनं स्टेथोस्कोप छातीवरून उचलला. घरघर चालूच राहिली.

ती थबकली. स्टेथोस्कोपचं तोंड हवेत होतं, तिच्याच हातात. वॉर्डात कुठेही काही वाजत नव्हतं. खाली कारखाना बंद होता. तिनं घाईघाईनं ते पुन्हा छातीवर टेकवलं, आणि तेवढ्यात म्हातारीनं तिचं मनगट धरलं. बोटं कोरडी होती, लाकडासारखी.

‘‘ऐकलंस न्हवं?’’

‘‘हो… ऐकलं.’’

‘‘तुलाच पायजे व्हतं ना ह्ये?’’ रुक्मिणीबाईंचं तोंड अजून खिडकीकडेच होतं. आवाज मायेचा होता. ‘‘घे मंग. घे बाई.’’

मनगट सुटलं, आणि मागून सरांची चाहूल लागली.

सर पडद्याआड आले. ‘‘अरे, रुक्मिणीबाई? यांचा फोन लागत नव्हता ना?’’ ते खूश होऊन म्हणाले. उत्कर्षानं म्हटलं, श्वास धरलाय सर, त्यामुळे बोलता येणार नाही. सरांनी मान डोलावली आणि प्रश्न सुरू केले. झडप कुठली, किती अरुंद, कशावरून म्हणतेस, आणखी काय ऐकलंस. उत्कर्षा सांगत गेली. तिला आठवावं लागत नव्हतं, ती जे ऐकलं तेच नुसतं सांगत होती. सरांनी शेवटी स्वतःचा स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा एखादं जुनं गाणं लागावं तसा निवळला.

‘‘यंदा फारच सुरेख वाजतंय,’’ ते म्हणाले. मग तिच्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं. ‘‘शाब्बास. मला वाटायचं, तुला घाई फार आहे. आज पटलं. युनिटची जागा तुझी.’’

तिनं सरांना दारापर्यंत पोचवलं. जिन्यानं ती जवळजवळ धावतच खाली निघाली. वडिलांना फोन लावायला खिशातून मोबाइल काढला, आणि मधल्या वळणावर तिचे पाय थांबले.

तपासणाऱ्या डॉक्टराची एक चूक सगळीकडे ठरलेली असते. पेशंटला श्वास धरायला सांगायचं, ऐकण्यात रंगून जायचं, आणि ‘घ्या आता श्वास’ म्हणायला विसरायचं. बिचारा पेशंट लाल होतो, शेवटी स्वतःच धापा टाकत श्वास घेतो, आणि सगळे हसतात. उत्कर्षा तेच विसरली होती. पण रुक्मिणीबाईंनी श्वास घेतला नव्हता. सरांचे प्रश्न झाले, तिची उत्तरं झाली, सरांचं ऐकून झालं, शाब्बासकी झाली. एवढ्या वेळात ती पाठ एकदाही वरखाली झाली नव्हती, म्हातारी बोलली तेव्हासुद्धा नाही. धरा म्हटलं तेव्हापासून श्वास तसाच धरलेला होता.

ती परत वर गेली. पडदा उघडाच होता. आया विमलबाई एका मिशीवाल्या पेशंटला धरून खाटेवर बसवत होत्या.

‘‘एक्स-रेला लई वेळ लागला मॅडम,’’ त्या ओशाळून म्हणाल्या. ‘‘आत्ता आनलं यांस्नी. सर गेलं का?’’

‘‘इथली बाई…’’

‘‘कोन बाई? खाट सकाळपासनं रिकामी हाय की.’’

नबीला आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिचे पाय धुळीनं भरले होते. ती खोलीत येऊन आपल्या खाटेवर बसली.

‘‘रुक्मिणीआजी गेल्या,’’ ती म्हणाली. ‘‘शेखरभाऊंचा फोन आला पहाटे, की आई बोलत नाहीये. मला वाटलं, घेऊन येऊ, अजून वेळ असेल. मी पोचले तेव्हा संपलं होतं.’’

शेखर म्हणजे रुक्मिणीबाईंचा मुलगा. उत्कर्षानं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘‘पहाटे?’’

‘‘उजाडायच्या आधी. सकाळी तिथल्या घाटावर नेलं.’’ नबीलानं डोळे पुसले. ‘‘तुला सांगू? त्या रोज सकाळी हिरवं लुगडं नेसून दारात बसायच्या. दवाखान्यातनं फोन आला होता म्हणे, परीक्षा पुढे गेलीय, बोलावलं की या. कुणी बोलावेल म्हणून वाट बघत बसल्या. शेखरभाऊ म्हणत होते, चल आजच दाखवू, तर ऐकेनात. न बोलावता गेलं तर पोरींची पंचाईत व्हईल, म्हणायच्या.’’ मग ती थांबली. ‘‘फोन कुणी केला होता गं?’’

‘‘ठाऊक नाही,’’ उत्कर्षा म्हणाली. ‘‘मला तर दिघीचा लागलाच नव्हता. वॉर्डातून कुणीतरी केला असेल.’’

तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर जागा गेली असती, ती नबीलाला मिळाली असती, आणि सरांनी पुन्हा कधी तिच्याकडे तसं नीट बघितलं नसतं. माणूस गेलेलंच होतं. मग जागा तरी का घालवायची? असा हिशेब तिनं केला, आणि तो करताना तिला लाज वाटली नाही, भीती वाटली. सरांना दुसऱ्या दिवशी बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरेरे, काल घरी गेल्यावर गेल्या म्हणायच्या. काल तर मी स्वतः ऐकलं.’’ नबीलानं सरांकडे बघितलं. मग उत्कर्षाकडे बघितलं.

पुढे सगळं रीतसर झालं. दोघी परीक्षा पास झाल्या. उत्कर्षा सरांच्या युनिटमध्ये राहिली. नबीलानं कासारवाडीत एका दवाखान्यात नोकरी धरली. मारुतरावांनी पेढे वाटले.

आणि उत्कर्षाला जिना चढताना धाप लागू लागली.

आधी तिनं दुर्लक्ष केलं. मग निजताना एक उशी पुरेना, दोन लागू लागल्या. एका राउंडला ती वॉर्डातच बसली, ओठ निळसर झाले. त्या दिवशी नबीला सरांना भेटायला आलेली होती. तिनंच तिला खाटेवर आडवं केलं, डाव्या कुशीवर वळवलं, आणि स्टेथोस्कोप लावला. लावल्याबरोबर तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं नळ्या सरांच्या हातात दिल्या. सरांनी ऐकलं, डोळे मिटून पुन्हा ऐकलं, आणि पुटपुटले, ‘‘हे तर… नाही, कसं शक्य आहे.’’

इको केला. झडपा लख्ख होत्या, कोवळ्या पोरीच्या असाव्यात तशा. पुण्यात जाऊन दुसरीकडे केला, तिथेही तेच. मशीन म्हणायचं या बाईला काहीही झालेलं नाही. पण स्टेथोस्कोप जो लावेल त्याला ऐकू यायचं. खणखणीत पहिला ठोका, बारीक टिचकी, आणि फिरणारं जातं. पहिल्या वर्षाची मुलंही ऐकून चाट पडायची. सर दुःखी होते, पण गुरुवार आला की त्यांना राहवायचं नाही. ‘‘उत्कर्षा, तुझी हरकत नसेल तर, या मुलांना एकदा…’’ आणि उत्कर्षा निमूट खाटेवर वळायची. सरांना नाही म्हणणं तिला जमलं नसतं. पोरं रांगेनं यायची, वाकून ऐकायची, एकमेकांकडे बघून भुवया उंचवायची.

ऐकू येत नव्हतं ते फक्त तिला. खोलीचं दार लावून ती स्वतःच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवायची आणि तासन्‌तास बसायची. दोन साधे ठोके. लप, डप. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही पोराला मिळतं ते तिला स्वतःच्या छातीतून मिळत नव्हतं. धाप लागण्यापेक्षाही हे तिला जास्त झोंबायचं.

आणि नबीला मात्र दर गुरुवारी येऊ लागली. ‘‘ऐकू का गं थोडं?’’ एवढंच विचारायची. उत्कर्षाला वाटायचं, म्हणावं नाही, माझं हृदय आहे, तुझा काय संबंध. पण नबीलाच्या तळहातावर चोळलेला स्टेथोस्कोप छातीला लागला की धाप थोडी कमी व्हायची, आणि त्यापुढे तिचं काही चालायचं नाही. नबीला डोळे मिटून ऐकत बसायची, तशीच जशी त्या वेल्डरपाशी बसली होती. दर खेपेला जास्त वेळ. उत्कर्षा खिडकीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मनात जळत असायची, की ही काय ऐकतेय एवढं, माझ्यातलं, जे मला मिळत नाही.

मागच्या गुरुवारी सर गावाला गेले होते. वॉर्ड रिकामा, पंखे बंद, खाली सगळी एमआयडीसी मुकी. नबीला नेहमीसारखी येऊन बसली. बराच वेळ गेला. आणि पाठीमागून उत्कर्षाला ती हलकेच हसल्याचं ऐकू आलं, कुणी ओळखीचं काही गमतीचं बोललं की हसतात तसं.

‘‘काय झालं?’’ उत्कर्षानं विचारलं.

नबीलानं स्टेथोस्कोप आणखी घट्ट टेकवला.

‘‘नबीला… काय ऐकतेयस?’’

‘‘शूऽऽ.’’ तिचा हात उत्कर्षाच्या खांद्यावर आला, प्रेमानं, पण जरा जड. ‘‘हलू नकोस. मधेच तुटतं.’’

उत्कर्षानं कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. तिला नुसता आपला श्वास ऐकू येत होता. मग नबीला बोलली. अगदी हळू, अगदी आदबीनं, आणि उत्कर्षाशी नाही. ती तिच्या छातीशी बोलत होती.

‘‘हो आजी. येतंय ऐकू. मग मला सांगा ना… त्या सोमवारी फोन कुणी केला होता?’’

आणि ती ऐकत राहिली. उत्तर बरंच लांबलं.